आयपीएल झालं की रूट गायब: झेड/ओएसवरच्या स्टॅटिक रूटचं परत परत उद्भवणारं दुखणं

रविवारी रात्री आयपीएल होतं, म्हणजे मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम झेड/ओएस नव्याने सुरू केली होती. सोमवारी पहाटे बॅच सुरू होते आणि बाहेरच्या एका नेटवर्ककडे फाईल पाठवणारा एफटीपी जॉब टाइमआउट होऊन पडतो. ऑन-कॉलवर असलेला माणूस उठतो, जुन्या मेलमधून तो हरवलेला स्टॅटिक रूट (पॅकेटने कुठल्या वाटेने जायचं याची हाताने लिहिलेली नोंद) परत टाकायची कमांड शोधतो, चालवतो, जॉब रीस्टार्ट करतो. तिकीट बंद. पुढच्या आयपीएलनंतर पुन्हा तेच होतं, फक्त उठणारा माणूस दुसरा असतो.

या दुखण्याचं दुसरंही एक रूप आहे आणि ते जास्त भीतीदायक आहे. भर दुपारी कुणीतरी एक नवा रूट टाकतो. कमांड यशस्वी झाल्याचा मेसेज येतो. आणि त्याच क्षणी बाकीचे सगळे रूट नाहीसे होतात, डीफॉल्ट रूटसकट. लोकांचे टीएन३२७० स्क्रीन (नेटवर्कवरून उघडलेले मेनफ्रेमचे टर्मिनल) जागच्या जागी थिजतात.

दोन्हींचं मूळ एकच आहे. ते एकदा नीट समजलं आणि फाइलींची मांडणी थोडी बदलली, तर हे तिकीट पुन्हा उघडत नाही. मी इथे झेड/ओएसच्या कम्युनिकेशन्स सर्व्हरबद्दल, म्हणजे त्यातल्या टीसीपीआयपी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहितोय. कमांड आणि स्टेटमेंट देवनागरीत लिहिली आहेत, कन्सोलवर किंवा मेंबरमध्ये ती अर्थातच रोमन कॅपिटल अक्षरांत टाकायची. (डेटासेट म्हणजे मेनफ्रेमवरची फाईल, मेंबर म्हणजे तिच्यातला स्वतःचं नाव असलेला एक भाग.)

आधी रूट राहतो कुठे, ते पाहू. टीसीपीआयपीचा स्टॅक ही एक स्टार्टेड टास्क, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, आहे. ती सुरू होताना प्रोफाइल नावाचा डेटासेट वाचते आणि त्यावरून आपल्या मेमरीत राउटिंग टेबल उभं करते. त्यानंतर पॅकेट कुठे पाठवायचं हे ठरतं ते मेमरीतल्या टेबलावरून. डेटासेटकडे ती पुन्हा वळून पाहत नाही. प्रोफाइलमध्ये स्टॅटिक रूट असे दिसतात:

बिगिनरूट्स
  रूट १०.२०.३०.०/२४ = ओएसएए एमटीयू १४९२
  रूट १७२.१६.०.०/१६ १०.२०.३०.२ ओएसएए एमटीयू १४९२
  रूट डीफॉल्ट १०.२०.३०.१ ओएसएए एमटीयू १४९२
एन्डरूट्स

पहिल्या ओळीतलं बरोबरीचं चिन्ह म्हणजे हे नेटवर्क थेट जोडलेलं आहे, मध्ये राउटर नाही. दुसऱ्या ओळीत मधल्या राउटरचा पत्ता आहे. तिसरी ओळ बाकी सगळ्यांसाठी. ओएसएए हे लिंकचं किंवा इंटरफेसचं नाव, म्हणजे ओएसए या मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डावरच्या जोडणीचं. एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, बाइटमध्ये.

आता स्टॅक चालू असताना यात बदल करायचा असेल तर? लिनक्सवर एक रूट वाढवायला एक ओळीची कमांड असते. झेड/ओएसवर ऑपरेटरच्या हातात तशी कमांड नाही. इथे एका मेंबरमध्ये स्टेटमेंट लिहायची आणि तो मेंबर स्टॅकला वाचायला सांगायचा:

व्ही टीसीपीआयपी,,ओबेफाईल,नेट.टीसीपीपार्म्स(नवारूट)

दोन स्वल्पविरामांच्या मध्ये स्टॅकच्या प्रोसीजरचं नाव येतं. एकच स्टॅक असेल तर ती जागा रिकामी चालते. स्टॅक हा मेंबर वाचतो आणि मेमरीतलं टेबल बदलतो. मूळ प्रोफाइलला तो हात लावत नाही. त्यामुळे ओबेफाईलने टाकलेला रूट स्टॅक बंद होईपर्यंतच जगतो. पुढच्या आयपीएलला स्टॅक पुन्हा प्रोफाइल वाचतो, तिथे तो रूट नसतो, आणि सोमवारची पहाट पुन्हा उगवते.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. तरीही चूक होत राहते, कारण ओबेफाईल चालवणारा माणूस त्या क्षणी अडलेला जॉब सोडवत असतो. प्रोफाइल दुरुस्त करायचं काम "उद्या चेंज टाकून करू" म्हणून मागे राहतं आणि उद्या सगळं चालू असतं. चालू असलेल्या गोष्टीसाठी कुणी चेंज टाकत नाही.

दुसरा नियम मात्र कमी लोकांना माहीत असतो. कुठल्याही प्रोफाइलमधला किंवा ओबेफाईल मेंबरमधला पहिला बिगिनरूट्स ब्लॉक हा आधीचे सगळे स्टॅटिक रूट काढून टाकतो आणि त्यांच्या जागी स्वतःची यादी बसवतो. त्याच फाईलमध्ये पुढे दुसरा ब्लॉक आला तर तो पहिल्यात भर घालतो. पण नव्याने वाचलेल्या फाईलचा पहिला ब्लॉक म्हणजे पाटी पुसून नवं लिहिणं. या ब्लॉकचा अर्थ "एवढं वाढव" असा कधीच नसतो. "आता यादी ही अशी आहे" असं आपण स्टॅकला सांगत असतो. म्हणूनच आत काहीही न लिहिलेला रिकामा बिगिनरूट्स-एन्डरूट्स ब्लॉक ओबेफाईलने चालवला तर सगळे स्टॅटिक रूट जातात. होम स्टेटमेंटचंही (स्टॅकच्या स्वतःच्या आयपी पत्त्यांची यादी) असंच आहे: नवी होम यादी आली की जुनी गेली.

हे मी वाचून शिकलो नाही. एका ठिकाणी नव्या भागीदाराच्या नेटवर्ककडे जाणारा एक रूट टाकायचा होता. मेंबरमध्ये मी बिगिनरूट्स, एक रूट ओळ आणि एन्डरूट्स असं तीन ओळींचं लिहिलं. ओबेफाईल चालवली. कन्सोलवर ईझेडझेड०३१६आय, म्हणजे प्रोफाइल वाचून झालं, आणि पाठोपाठ ईझेडझेड००५३आय, म्हणजे कमांड यशस्वी. पुढचा एंटर दाबला आणि माझ्या स्क्रीनच्या खालच्या ओळीत एक्स सिस्टिम (उत्तराची वाट पाहत कीबोर्ड बंद) येऊन थांबलं ते थांबलंच. माझा पीसी वेगळ्या सबनेटमध्ये होता. माझ्याकडे परत येणारं प्रत्येक पॅकेट डीफॉल्ट रूटने येत होतं आणि तो डीफॉल्ट मी नुकताच पुसला होता. मजल्यावरच्या प्रत्येकाचं तेच झालं. बाहेरून येणारे व्यवहारही थांबले.

सुटका झाली ती एका सहकाऱ्यामुळे. त्याच्याकडे ओएसए-आयसीसीवरून येणारं ३२७० सेशन उघडं होतं. ते सेशन झेड/ओएसच्या टीसीपीआयपी स्टॅकमधून जात नाही. ओएसए कार्ड स्वतःच ते सांभाळतं आणि झेड/ओएसला ते स्थानिक टर्मिनलसारखं दिसतं. त्यावरून टीएसओत (झेड/ओएसच्या यूजर सेशनमध्ये) लॉगऑन करून आम्ही मूळ प्रोफाइलमधला रूटचा ब्लॉक एका नव्या मेंबरमध्ये कॉपी केला, माझी नवी ओळ त्यात घातली आणि पुन्हा ओबेफाईल दिली. मधल्या काळात ज्यांची कनेक्शनं टाइमआउट झाली नव्हती ती आपोआप जिवंत झाली, कारण टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. ज्यांची तुटली होती त्यांना पुन्हा लॉगऑन करावं लागलं. त्या दिवसापासून रूटला हात लावण्याआधी मी एक गोष्ट न चुकता करतो: स्टॅकवर अवलंबून नसलेलं एक कन्सोल उघडून ठेवतो. ओएसए-आयसीसी नसेल तर एचएमसीवरची, म्हणजे मेनफ्रेमचं हार्डवेअर सांभाळणाऱ्या कन्सोलवरची, ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेसची खिडकी तरी. तिथून टीएसओ मिळत नाही, पण ओबेफाईलची कमांड देता येते. अर्थात त्यासाठी परत जायचा मेंबर आधीच तयार असला पाहिजे.

आता निदान. तिकीट हातात आलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: हा रूट शेवटचा कधी चालत होता आणि त्यानंतर आयपीएल झालं, स्टॅक रीस्टार्ट झाला, की कुणी ओबेफाईल चालवली? उत्तर लोकांच्या आठवणीत शोधू नका, सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या मेसेजांच्या नोंदवहीत) शोधा. प्रत्येक व्हेरी टीसीपीआयपी कमांडसाठी ईझेडझेड००६०आय मेसेज येतो आणि त्यात पूर्ण कमांड असते. मागच्या दोन आयपीएलच्या मधला सिसलॉग घ्या आणि त्यात ओबेफाईल हा शब्द शोधा. बहुतेक वेळा तिथेच एखाद्याच्या स्वतःच्या यूजर आयडीने सुरू होणारा डेटासेट सापडतो, त्यात तो हरवलेला रूट असतो, आणि तो मेंबर सहा महिने जुना असतो.

मग चालू टेबल पाहा:

डी टीसीपीआयपी,,नेटस्टॅट,रूट

टीएसओत नेटस्टॅट रूट, युनिक्स शेलमध्ये नेटस्टॅट वजा आर. प्रत्येक ओळीत गंतव्य, गेटवे, फ्लॅग आणि इंटरफेस दिसतं. सगळी गोष्ट फ्लॅगमध्ये असते, म्हणून त्यांच्याकडे घाईने पाहू नका. यू म्हणजे रूट चालू आहे. जी म्हणजे मध्ये राउटर आहे. एच म्हणजे एकाच होस्टसाठी. एस म्हणजे स्टॅटिक, आणि डायनॅमिक राउटिंग त्याला बदलू शकत नाही. झेड म्हणजे स्टॅटिकच, पण डायनॅमिक रूट आला तर त्याला जागा करून देणारा. ओ म्हणजे ओएसपीएफने शिकलेला, आर म्हणजे रिपने (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या या दोन पद्धती), डी म्हणजे कुणा राउटरच्या आयसीएमपी रीडायरेक्टमुळे, म्हणजे "दुसऱ्या वाटेने जा" या मेसेजमुळे, बनलेला.

रूट दिसतच नाही, की दिसतो पण यू नाही, की यूसकट दिसतो तरी पॅकेट पोचत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की तासन्‌तास वाया जातात.

रूट दिसतच नसेल आणि नुकतंच आयपीएल झालं असेल तर प्रोफाइल उघडा. रूट तिथे नसेल तर कारण सापडलं. पण कधी कधी रूट प्रोफाइलमध्ये असतो, स्वच्छ लिहिलेला, आणि तरीही टेबलात येत नाही. अशा वेळी मी आधी एकच शंका घेतो: आपण उघडलेलं प्रोफाइल आणि स्टॅकने वाचलेलं प्रोफाइल एकच आहे का? स्टार्टेड टास्कच्या जेसीएलमध्ये (ती चालवायच्या सूचनांत) प्रोफाइल नावाचं डीडी (कुठला डेटासेट वापरायचा ते सांगणारी ओळ) असेल तर तोच डेटासेट वाचला जातो. ते नसेल तर स्टॅक ठरलेल्या क्रमाने शोधतो, आधी जॉबचं नाव आणि नोडचं नाव असलेला डेटासेट, आणि शेवटी टीसीपीआयपी.प्रोफाइल.टीसीपीआयपी. पहिला जो सापडेल तो घेतो. कुणीतरी चाचणीसाठी वरच्या नावाचा डेटासेट बनवून विसरून गेलेला असतो आणि सगळी टीम खालचा डेटासेट दुरुस्त करत बसते. स्टार्टेड टास्कचं जेसीएल आउटपुट आणि जॉबलॉग उघडा. प्रोफाइल डीडीसमोर, आणि डीडी नसेल तर प्रोफाइल उघडल्याच्या मेसेजमध्ये, जे नाव लिहिलंय तेच खरं.

त्यात सिस्टिम सिंबल (प्रत्येक सिस्टिमवर वेगळी किंमत घेणारी नावं) वापरले असतील तर तेही तपासा. एकच प्रोफाइल अनेक एलपारमध्ये (एकाच मशीनच्या स्वतंत्र भागांत) चालवायला सिसक्लोनसारखे सिंबल फार सोयीचे असतात. पण नव्या एलपारवर एखादा सिंबल ठरवलेलाच नसेल तर त्या ओळीचा अर्थच बदलतो आणि ती चुकीची ओळ म्हणून बाजूला पडते.

आणि ही गोष्ट ठळक सांगायला हवी: प्रोफाइलमधल्या एका ओळीत चूक असली म्हणून स्टॅक अडून राहत नाही. तो उभा राहतो. चुकीच्या ओळीबद्दलचा मेसेज जॉबलॉगमध्ये ओळ क्रमांकासकट येतो, पण आयपीएलच्या वेळी कन्सोलवरून हजारो मेसेज जात असतात आणि तो कुणाच्या नजरेला पडत नाही. प्रोफाइल वाचून झाल्याचा मेसेज आला म्हणजे सगळं लागू झालं, असं कधीही समजू नका. त्या मेसेजच्या आधीच्या ओळी वाचा.

चुका साधारण ठरावीक असतात. लिंकच्या नावाऐवजी डिव्हाइसचं किंवा पोर्टचं नाव लिहिलेलं असतं. डिव्हाइस आणि लिंक अशी जुनी जोडी वापरत असाल तर रूटमध्ये लिंकचं नाव यायला हवं. झेड/ओएस १.१० पासून आयपीव्ही४ क्यूडीआयओसाठीही (ओएसए कार्ड चालवायची वेगवान पद्धत) इंटरफेस स्टेटमेंट वापरता येतं, त्यात डिव्हाइस आणि लिंक अशी वेगळी नावं नसतात आणि हा गोंधळ आपोआप मिटतो. ज्यांनी अजून बदल केला नसेल त्यांनी करावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात पत्ताही तिथेच लिहिला जातो आणि होमच्या यादीशी जुळवत बसावं लागत नाही. दुसरी चूक म्हणजे गेटवेचा पत्ता थेट पोचण्यासारखा नसणं. १०.२०.३०.२ कडे पाठवायचं तर १०.२०.३०.० हे नेटवर्क त्या इंटरफेसवर थेट जोडलेलं आहे हे बरोबरीच्या चिन्हाच्या ओळीने सांगितलेलं असलं पाहिजे. तिसरी, कॉमेंटची. सेमीकोलनच्या आधी एक मोकळी जागा हवी. आणि एडिटरमध्ये नंबर बंद ठेवा, म्हणजे ७३ ते ८० या स्तंभांत क्रमांक घुसणार नाहीत.

रूट दिसतो पण यू नाही, असं असेल तर रूटला सोडा आणि इंटरफेसकडे जा. डी टीसीपीआयपी,,नेटस्टॅट,डेव्हलिंक्स दिलं की इंटरफेस रेडी आहे का ते कळतं. नवा इंटरफेस प्रोफाइलमध्ये लिहिला आणि स्टार्ट स्टेटमेंट लिहायचं राहिलं, हे फार वेळा होतं. आयपीएलनंतरच हे घडत असेल तर व्हीटॅमकडेही (मेनफ्रेमचं जुनं नेटवर्क सॉफ्टवेअर) पाहा. ओएसएसाठी व्हीटॅममध्ये टीआरएल मेजर नोड, म्हणजे त्या कार्डाची व्याख्या, लागतो. कुणीतरी तो हाताने अ‍ॅक्टिव्हेट केलेला असतो, पण एटीसीकॉनच्या यादीत, म्हणजे व्हीटॅमने सुरू होताना काय काय उचलायचं त्या यादीत, घातलेला नसतो. आयपीएलनंतर व्हीटॅम त्याला उचलत नाही, ओएसए सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या रूटवर येतो. डी नेट,टीआरएल दिल्यावर एका क्षणात खुलासा होतो. हे दुखणं अगदी पहिल्यासारखंच आहे, फक्त घर वेगळं: चालू सिस्टिमवर हाताने केलेलं काम कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

रूट यूसकट आहे, पॅकेट मात्र पोचत नाही, अशा वेळी बहुतेकदा दोष परतीच्या वाटेचा निघतो. टीएसओत ट्रेसर्ट किंवा शेलमध्ये ट्रेसराउट चालवा. पॅकेट दोन-तीन राउटर पार करून जातंय आणि उत्तर येत नाही, असं दिसलं तर समोरच्या राउटरला आपल्याकडे परत कसं यायचं हे माहीत नाही. मेनफ्रेमवर हे विशेष घडतं ते व्हिपामुळे, म्हणजे कुठल्याही एका कार्डाला न बांधलेल्या आभासी आयपी पत्त्यामुळे. सोर्सव्हिपा चालू असेल तर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर ओएसएचा पत्ता नसतो, व्हिपाचा असतो. व्हिपा वेगळ्या सबनेटमध्ये असेल आणि तुम्ही स्टॅटिक राउटिंगवर असाल, तर राउटरमध्येही त्या व्हिपासाठी ओएसएच्या पत्त्याकडे नेणारा स्टॅटिक रूट लिहिलेला असला पाहिजे. तो तुमच्या ताब्यात नसतो, नेटवर्कवाल्यांच्या ताब्यात असतो. त्यांनी राउटर बदलला आणि ती ओळ नव्या राउटरमध्ये आली नाही, तर तुमच्याकडे काहीही न बदलता सगळं बंद पडतं. त्यांना फोन करताना "रूट चालत नाही" एवढंच सांगू नका. व्हिपाचा पत्ता, ओएसएचा पत्ता आणि ट्रेसराउटची शेवटची ओळ द्या.

पिंग होतं, लॉगऑन होतं, लहान फाईल जाते, मोठी फाईल मात्र मधेच अडकते? मग एमटीयू. रूटच्या ओळीत लिहिलेला एमटीयू वाटेतल्या एखाद्या तुकड्याला झेपत नाही आणि फायरवॉल ते सांगणारा आयसीएमपी मेसेज अडवतोय म्हणून स्टॅकला ते कळत नाही. लांबी वाढवत पिंग करून पाहिलं की कुठल्या आकारापाशी अडतं ते दिसतं. उलट बाजूची चूकही होते. एमटीयू डीफॉल्टसाइझ असं लिहिलं की आयपीव्ही४ साठी स्टॅक ५७६ बाइट धरतो. सगळं चालतं, पण मोठ्या फाइली रेंगाळतात आणि महिनोन्‌महिने कुणाला कारण सापडत नाही. नाव ऐकून वाटतं की सिस्टिम योग्य ते ठरवेल. ५७६ मात्र आजच्या इथरनेटसाठी योग्य नाही. आकडा स्वतः लिहा: साध्या इथरनेटसाठी १४९२ किंवा १५००, जंबो फ्रेम सगळ्या वाटेवर खरोखर चालू असेल तरच ८९९२. हायपरसॉकेट्सचं (मशीनच्या आतल्याआत एलपार जोडणारं नेटवर्क) वेगळं आहे, तिथे फ्रेमच्या आकारावरून ८, १६, ३२ किंवा ५६ किलोबाइट एमटीयू मिळतो.

ओम्प्रूट (झेड/ओएसवर डायनॅमिक राउटिंग चालवणारा प्रोग्राम) चालू असलेल्या सिस्टिमवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रीप्लेसेबल न लिहिलेला स्टॅटिक रूट डायनॅमिक रूटला जागा देत नाही. त्या रूटवरचा राउटर मेला, पण आपला इंटरफेस चालू राहिला, तर ओएसपीएफने दुसरी वाट शोधलेली असूनही पॅकेट मेलेल्या राउटरकडेच जात राहतात. डायनॅमिकला पर्याय म्हणून स्टॅटिक ठेवायचा असेल तर ओळीच्या शेवटी रीप्लेसेबल लिहा. मग मात्र "माझा रूट गेला" अशी हाक मारू नका: डायनॅमिक रूट आल्यावर तो मुख्य टेबलातून बाजूला होतो, आणि नेटस्टॅट रूटला आरस्टॅट जोडलं की असे सगळे बदलण्याजोगे रूट दिसतात. आणि जास्त नेमका रूट नेहमी जिंकतो. तुमचा १६ बिटांचा स्टॅटिक असेल आणि ओएसपीएफने त्याच भागासाठी २४ बिटांचा शिकवला असेल तर पॅकेट दुसऱ्यानेच जाणार.

आता दुरुस्ती. मुख्य प्रोफाइलमधून बिगिनरूट्सचा ब्लॉक बाहेर काढा आणि त्याचा एक स्वतंत्र मेंबर करा. त्या मेंबरमध्ये दुसरं काहीही नको. प्रोफाइलमध्ये त्या जागी, म्हणजे लिंक किंवा इंटरफेसच्या व्याख्यांनंतर, एवढंच लिहा:

इन्क्लूड नेट.टीसीपीपार्म्स(रूट्स)

यापुढे रूट बदलायचा असेल तर हाच मेंबर बदलायचा आणि हाच मेंबर ओबेफाईलने चालवायचा. यात नेहमी पूर्ण यादी असते, म्हणून ब्लॉकने जुनी यादी पुसली तरी काही हरवत नाही. आणि आयपीएलला स्टॅक हाच मेंबर वाचतो, म्हणून ओबेफाईलने टाकलेलं आयपीएलनंतरही राहतं. दोन्ही सापळे एकाच चालीत बंद होतात. तात्पुरता मेंबर, स्वतःच्या यूजर आयडीखालचा मेंबर, "फक्त आत्तापुरता" मेंबर हे सगळं बंद. पहाटे ३ वाजता जॉब अडला असेल तरीही बदल इथेच करायचा. त्याला जास्त वेळ लागत नाही, तेवढ्याच ओळी टाइप करायच्या असतात.

संपूर्ण मुख्य प्रोफाइल ओबेफाईलने चालवण्याचा मोह काही जणांना होतो. तो टाळा. त्यात पोर्ट, ऑटोलॉग, होम अशी बरीच स्टेटमेंट असतात आणि एका रूटसाठी त्या सगळ्यांना पुन्हा हलवण्यात काही अर्थ नाही.

बदल करताना माझा क्रम असा असतो. आधी रूट्स मेंबरची जुनी प्रत शेजारी ठेवतो, म्हणजे एचएमसीवरूनही तिच्यावर परत जाता येईल. मग चालू टेबलाची यादी काढून ती मेंबरशी ओळीला ओळ ताडून पाहतो. ही पायरी गाळू नका. कारण पहिल्यांदा हे कराल तेव्हा चालू टेबलात असे एस फ्लॅगचे रूट सापडतील जे कुठल्याच फाईलमध्ये नाहीत, आणि तुमची ओबेफाईल त्यांना पुसणार असते. कोणाचे आहेत विचारा, लागत असतील तर मेंबरमध्ये घाला. नंतर व्याकरण तपासतो:

व्ही टीसीपीआयपी,,सिंटॅक्सचेक,नेट.टीसीपीपार्म्स(रूट्स)

ही कमांड काहीही लागू न करता मेंबर वाचून चुका सांगते. प्रत्येक रिलीजमध्ये ती नाही, पण तुमच्याकडे असेल तर वापरा. ती व्याकरण पाहते. लिंकचं नाव खरंच अस्तित्वात आहे का, हे तुम्हालाच पाहावं लागतं. मग वेगळं कन्सोल उघडं ठेवून ओबेफाईल, आणि लगेच नेटस्टॅट रूट. आधीची यादी आणि नंतरची यादी यात फक्त अपेक्षित ओळींचा फरक असला पाहिजे.

झेड/व्हीएमवर (आयबीएमची दुसरी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम) तत्त्व तेच आहे, मात्र तिथे रूट गेटवे स्टेटमेंटने लिहितात. मशीनवर लिनक्स चालवत असाल तर आयपी रूट अ‍ॅडने टाकलेला रूटही रीबूटला असाच जातो आणि तो नेटवर्कच्या कायमच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहावा लागतो. जुन्या झेड/ओएस प्रोफाइलमध्ये अजून गेटवे ब्लॉक असेल तर तो बिगिनरूट्समध्ये बदलून घ्या. गेटवेमध्ये सबनेट मास्क आणि सबनेट व्हॅल्यू वेगळे लिहावे लागतात आणि त्यात होणाऱ्या चुका शोधणं फार कष्टाचं आहे.

शेवटी राहिला अधिकाराचा प्रश्न. ओबेफाईल कोण चालवू शकतो हे रॅकफच्या, म्हणजे अधिकार सांभाळणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या, ऑपरकमांड्स क्लासमधलं एमव्हीएस.व्हेरी.टीसीपीआयपी.ओबेफाईल हे सुरक्षा प्रोफाइल ठरवतं. ते बघा. अनेक ठिकाणी ही यादी वर्षानुवर्षं वाढत गेलेली असते. ती छोटी करा, आणि ज्यांचं नाव राहील त्या प्रत्येकाला रूट्स मेंबरवर लिहिण्याचा अधिकारही द्या. नाहीतर रात्री अडलेल्या माणसासमोर स्वतःच्या डेटासेटशिवाय पर्यायच उरत नाही, आणि मग तो चुकला असं म्हणता येणार नाही. एसएमएफ (सिस्टिमच्या घडामोडींच्या नोंदी) प्रकार ११९ चे प्रोफाइल रेकॉर्ड चालू केलेत तर प्रत्येक बदलाची नोंदही आपोआप राहते.

हे सगळं केल्यानंतरच्या पहिल्या आयपीएलला मात्र स्वतः हजर राहा. आयपीएलआधी नेटस्टॅट रूटचं आउटपुट एका डेटासेटमध्ये साठवा, नंतरचं दुसऱ्यात, आणि सुपरसीने (फाइलींतला फरक दाखवणारं साधन) दोन्ही ताडून पाहा. पत्ता, गेटवे, फ्लॅग आणि इंटरफेस हेच स्तंभ पाहायचे. रेफरन्स काउंट बदलणारच, त्याकडे लक्ष नको. फरक शून्य आला की ते जुनं तिकीट कायमचं बंद करा, आणि त्यात रूट्स मेंबरचं नाव लिहून ठेवा.